आजोबांची जुनी ऑटो रायफल: साफसफाई, दुखणी आणि नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जालना, परभणी, बीड, नांदेड सगळीकडून तेच तेच प्रश्न येऊ लागलेत म्हणून एकदाच लिहून ठेवतो. मी लायसनवाल्या दुरुस्तीच्या दुकानात बसतो, आमच्याकडं येतात त्या जास्त करून बारा बोर, पण कधीमधी एखाद्या जुन्या वाड्यातून शिकारीची सेमी-ऑटो रायफल निघते अन तिच्यासोबत घरातले चार जण अन चार मतं येतात. खाली मुख्यतः रेमिंग्टन मॉडेल ८ धरून लिहिलंय, विंचेस्टरचं वेगळं आहे ते पुढं आहे. माझं मत आधीच सांगतो, असल्या रायफली वयानं कमी अन प्रेमानं जास्त बिघडतात. चुकीचं तेल, पॉलिश पेपर, कानस, हे तीन हातातून काढून घेतले तर अर्ध्या रायफली आपोआप बऱ्या होतील.

चाप एकदा ओढला की किती गोळ्या सुटतात? गावात तर मशीनगन म्हणतात.

एकच. पुढची गोळी भरायचं काम रायफल स्वतः करते, झाडायचं काम प्रत्येक वेळी तुमचं बोट करतं. डिझाइन जॉन ब्राउनिंगचं, पेटंट १९०० चं, रेमिंग्टननं १९०६ पासून विकायला काढली, मॉडेल ८ हे नाव १९११ ला पडलं अन १९३६ पर्यंत चाललं, त्यानंतर तीच थोडी बदलून मॉडेल ८१ म्हणून १९५० पर्यंत. बेल्जियमच्या एफएन कारखान्यानं पण हीच रायफल ब्राउनिंग १९०० म्हणून बनवली.

आत काय होतं ते एकदा नीट समजून घ्या कारण पुढची सगळी दुखणी त्याच्यावरच आहेत. बाहेरून जी जाड नळी दिसते ती खरी नळी नाहीच, ते जॅकेट आहे, खरी नळी त्याच्या आत पुढं-मागं सरकते. गोळी सुटली की नळी अन बोल्ट (म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा) एकमेकात अडकलेले असतानाच दोघं मिळून पूर्ण मागं जातात, मागं गेल्यावर बोल्ट खटक्यावर थांबतो, नळी एकटीच स्प्रिंगच्या जोरावर पुढं येते, त्या वेळी काडतुसाचं रिकामं पितळी केस बाहेर उडतं, अन नळी जागेवर बसली की बोल्ट सुटून मॅगझीनमधली पुढची गोळी ढकलत पुढं जातो आणि फिरून लॉक होतो. एवढं सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. म्हणजे सरकणाऱ्या दोन मोठ्या वस्तू, त्यांच्या स्प्रिंगा, अन त्यांच्यामधे साठणारी घाण.

ही किती सालची आहे ते कसं कळणार?

आधी शिक्के वाचा, घासू नका, भिंग अन टॉर्च घ्या. जॅकेटवर कंपनीचं नाव अन ब्राउनिंगच्या पेटंटच्या तारखा असतात, त्या तारखा पेटंटच्या आहेत, तुमच्या रायफलीच्या जन्माच्या नाहीत, इथं बरेच जण फसतात. १९२१ नंतरच्या रेमिंग्टन नळ्यांवर बारीक अक्षरांचा कोड असतो, पहिलं अक्षर महिन्याचं. बी म्हणजे जानेवारी, एल म्हणजे फेब्रुवारी, असं करत एक्स म्हणजे डिसेंबर. इंग्लंडमार्गे आलेल्या काही परदेशी बंदुकांवर तिथल्या प्रूफ हाऊसचा, म्हणजे बंदुका तपासून पास करणाऱ्या संस्थेचा, 'नॉट इंग्लिश मेक' असा शिक्का सापडतो, तो नियम १९२५ चा, म्हणजे रायफल त्यानंतर कधीतरी तिथून पास होऊन आली. अन एक, नंबर लायसनवरच्या नंबराशी अक्षर-अक्षर जुळवून बघा. जुन्या लायसनांवर कारकुनानं ३ चा ८ केलेला असतो अन तो फरक तुम्हाला नूतनीकरणाच्या टेबलावर कळतो.

वडील वारले, रायफल कपाटात आहे, लायसन त्यांच्या नावावर. आता काय करू?

साफसफाईचं नंतर, आधी हे. लायसन माणसाच्या नावाचं असतं, घराचं नसतं. लायसनधारक गेला की घरात ते शस्त्र ठेवायचा अधिकार संपतो, अन शस्त्र कायदा १९५९ च्या कलम २१ प्रमाणं ते विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा लायसनवाल्या डीलरकडं जमा करावं लागतं. जमा केलं म्हणजे गेलं असं नाही, पावती घ्या, नंबर टाकून घ्या, मग वारस म्हणून अर्ज करा. शस्त्र नियम २०१६ मधे वारसांसाठी वेगळी तरतूद आहे. आणखी एक सोय आहे जी लोकांना माहीतच नसते, आजोबा हयात असताना सुद्धा, त्यांचं वय ७० झालं असेल किंवा शस्त्र त्यांच्याकडं २५ वर्षं असेल, तर ते वारसाच्या नावावर करायचा अर्ज करता येतो. ते काम आजोबा सही करू शकतात तोवरच करून घ्या. नंतर तीन भाऊ, दोन बहिणी, प्रत्येकाचं ना-हरकत पत्र, त्यात एक जण पुण्यात अन एक जण बोलत नाही.

आता कडू गोळी. सेमी-ऑटो रायफल ही बारा बोरसारखी जिल्ह्यावर मिळणारी वस्तू नाही, नियमांच्या अनुसूचीत ती पहिल्या वर्गात, म्हणजे निर्बंध असलेल्या शस्त्रात येते अन त्या वर्गाचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हातात असतो. त्यामुळं वेळ लागतो, अन मिळेलच असं कोणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, वारसा म्हणून आलेलं सुद्धा त्या दोनातच मोजतात. लायसनवर यूआयएन, म्हणजे लायसनधारकाचा ओळख क्रमांक, आहे का ते पण बघून घ्या, तो नसेल तर पुढचं काहीच हलत नाही.

लायसन चालू आहे. घरी स्वतः किती करू शकतो?

साफसफाई अन तेलपाणी तुमचं, दुरुस्ती लायसनवाल्याची. कलम ५ मधे बंदूक बनवणं, विकणं यांच्याच रांगेत दुरुस्तीपण लिहिलेली आहे, त्यामुळं गावातला लेथवाला, वेल्डिंगवाला, घड्याळवाला मामा कितीही हुशार असला तरी त्याच्याकडं न्यायची नाही. तो पण अडकेल, तुम्ही पण. नळी कमी करून घेणं हा तर वेगळाच गुन्हा आहे.

रिकामी आहे हे कसं बघायचं?

बोल्टचा हँडल उजवीकडं आहे, तोंड मोकळ्या, सुरक्षित दिशेला, बोट चापापासून लांब, हँडल पूर्ण मागं ओढा. मॅगझीन रिकामं असेल तर बोल्ट मागंच थांबायला पाहिजे. मग टॉर्च मारून चेंबरमधे, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या खोबणीत, बघा, अन करंगळी घालून पण बघा, कारण काळं पडलेलं जुनं केस अंधारात दिसत नाही. मॅगझीन आतच बसवलेलं आहे, पाच गोळ्यांचं, बाहेर निघत नाही, त्यामुळं 'मॅगझीन काढलं म्हणजे झालं' हा प्रकार इथं नाही.

हँडल हलतच नसेल तर? तर ती भरलेली आहे असंच समजायचं. हातोडी नाही, पाय देऊन ओढणं नाही, तोंडात सळई घालून ठोकणं तर अजिबात नाही, आत काडतूस असेल तर सळईचा ठोका सरळ गोळीवर बसतो. ठेवा तशीच, डीलरला किंवा पोलीस ठाण्याला फोन करा, सांगा की जाम आहे अन रिकामी असल्याची खात्री नाही.

दरवर्षी दसऱ्याला तेल लावतो तरी बोल्ट का जाम होतो?

कोणतं तेल लावता ते सांगा आधी. आपल्याकडं करडई पिकते, म्हणून घरात करडईचं तेल, म्हणून बंदुकीला पण करडईचं तेल. आता करडई अन जवस ही वाळणारी तेलं आहेत, हवेतला ऑक्सिजन घेऊन ती घट्ट होतात अन शेवटी पातळ पापुद्रा बनतो. जवसाचं तेल रंगात वापरतात ते त्याच्याचसाठी. लाकडाला उत्तम, यंत्राला विष. एक रायफल उघडली होती त्यात बोल्टच्या खाचांमधे, स्प्रिंगच्या वेढ्यांमधे पिवळट तपकिरी थर होता, नखानं टोकरला की तुकडा निघायचा अन त्याच्यात वर्षानुवर्षांची काळ्या मातीची धूळ अडकलेली. एकाच थरात दसरा मोजता आला असता. घरच्यांचं म्हणणं, आम्ही एक पण वर्ष चुकवलं नाही हो. तेच तर झालं.

खोबरेल वाल्यांची गंमत वेगळी, ते वाळत नाही पण साधारण २४ डिग्रीच्या खाली गोठतं. परभणीच्या डिसेंबरात सकाळी रायफल हातात घेतली तर आतलं तेल मेण झालेलं असतं, दुपारी उन्हात ठेवली की पुन्हा चालते, मग लोक म्हणतात कधी चालते कधी चालत नाही, काहीतरी आतला बिघाड आहे.

बंदुकीचं तेल वापरा, नाहीतर शिलाई मशीनचं चांगलं पातळ तेल, अन तेही थेंबात. गंज सोडवायचा स्प्रे मिळतो तो सोडवायला चांगला आहे, पण वर्षभराचं तेल म्हणून त्याच्यावर भरवसा ठेवू नका, उडून जातं अन लोखंड उघडं पडतं.

मग साफ करायची कशी?

आधी रिकामी असल्याची खात्री. मग मोबाईलवर फोटो, चारी बाजूंनी, प्रत्येक भाग निघताना एक. पुढचं लाकूड काढलं की मॉडेल ८ ची नळी-जॅकेट एका मोठ्या स्क्रूवर रिसीव्हरपासून (मधल्या लोखंडी सांगाड्यापासून) वेगळी होते, प्रवासात दोन तुकडे करून नेता यावी म्हणून तशी बनवली होती. घरी इथपर्यंतच थांबा. जॅकेट उघडून आतल्या रिकॉइल स्प्रिंगपर्यंत जाऊ नका, ती दाबून बसवलेली असते अन सुटली की डोळा जातो. चापाचा सांगाडा पण तसाच राहू द्या.

वाळलेलं तेल सोडवायला रॉकेल मिळत असेल तर रॉकेल, नाहीतर हार्डवेअरच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाईन. ब्रश नायलॉनचा किंवा पितळी, लोखंडी तारेचा नको. ओलं करून रात्रभर ठेवायचं, सकाळी पुसायचं, पुन्हा ओलं करायचं. घाई केली की खरवडायची इच्छा होते. खोलीत हवा खेळती पाहिजे, विडी-सिगारेट, देवाजवळचा दिवा लांब.

नळीतून गज फिरवताना शक्य तितकं मागच्या बाजूनं घाला. तोंडाकडून घालायची वेळ आली तर गज तोंडाच्या कडेला घासणार नाही याची काळजी घ्या, गोळी सुटताना शेवटचा स्पर्श त्या कडेला असतो, ती एका बाजूनं झिजली की नेम कायमचा गेला. चिंधी सुती, धुतलेली, जुन्या धोतराची सगळ्यात बेस्ट.

जुन्या गोळ्या झाडलेल्या असतील तर आणखी एक काम. त्या काळातल्या काडतुसांच्या बुडातल्या बऱ्याच टोप्यांमधे (ठोका बसला की दारू पेटवतात त्या) पोटॅशियम क्लोरेट असायचं, जळाल्यावर त्याचं मीठ नळीत राहतं अन पावसाळ्यातली हवा ओढून गंज धरतं. तेल ते मीठ काढत नाही, पाणी काढतं. वेगळी केलेली नळी मागून कढत पाणी घालून धुवायची, लगेच पूर्ण कोरडी करायची, मग तेलाचा हात. पाणी म्हटलं की म्हातारी मंडळी ओरडतात, ओरडू द्या.

गंजाचे डाग काढून नवी कोरी, काळीभोर करून मिळेल का?

मिळेल. पण मी तरी करून देत नाही, करायच्या आधी भांडतो. लाल, हाताला लागणारा गंज काढलाच पाहिजे, तो तेल अन मऊ कांस्याच्या लोकरीनं हळूहळू निघतो. पण जो तपकिरी, शांत, हाताला न लागणारा रंग आहे तो राहू द्या, तो वय आहे. पॉलिश करून पुन्हा ब्ल्यूइंग, म्हणजे लोखंडाला काळा-निळा रंग चढवणं, केलं की कडा गोल होतात, शिक्के उथळ होतात, नंबर पुसट होतो. अन नंबर पुसट झालेली बंदूक म्हणजे काय ते पोलीस ठाण्यात समजावून सांगताना घाम फुटतो, शिक्का किंवा नंबर खोडणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. निकेल करून आणतात काही जण! लग्नाच्या बँडमधली दिसते.

दस्त्याला तडा गेलाय, लाकूड काळं तेलकट झालंय.

अक्रोडाचं लाकूड आहे. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या बेचाळीस डिग्रीत ते आकसतं, जुलैत फुगतं, अन जिथं लोखंडाला चिकटून आहे तिथं फाटतं. काळेपणा बहुतेक वेळा आतून झिरपलेल्या तेलाचा असतो, रायफल उभी ठेवली की तेल उतरून दस्त्याच्या मानेत साठतं अन तिथलं लाकूड मऊ पडतं. खडूची बारीक पावडर टर्पेंटाईनमधे कालवून लेप द्या, वाळला की झटका, तेल लेपात आलेलं दिसेल, पुन्हा द्या. नंतर जवसाचं तेल, अगदी थोडं, तळहातानं चोळून, मधे काही दिवस जाऊ द्यायचे. सँडपेपर नको, लाकूड लोखंडाच्या पातळीपेक्षा खाली गेलं की परत येत नाही. आणि हो, जवसाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेतात, पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

मानेतला तडा फेविकॉलनं चिकटवून झाडायला जाऊ नका. तो लायसनवाल्याकडं.

रिकामं केस अडकतं, बाहेर पडत नाही.

खाली क्रमानं बघा, पण बघण्यापुरतंच.

वाळलेलं तेल आहे का, त्याचं वर झालं. मग चेंबर, तिथं गंजानं खड्डे पडले असतील तर पितळ फुगून त्या खड्ड्यांना धरून बसतं अन एक्स्ट्रॅक्टर (केस ओढून काढणारं बोल्टवरचं नख) नुसता कडेवरून घसरतो. एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली घाण असते ती काडीनं काढा, नख तुटलं-झिजलं असेल तर बदलायला द्या. मग गोळी, जुनी दारू कमजोर पडली की नळीला पूर्ण मागं जायला जोरच मिळत नाही, तेव्हा बिघाड रायफलीचा नसतोच.

अन एक जागा जिथं कोणी बघत नाही, जॅकेट. माळ्यावरून पडली, जीपच्या दाराला आपटली, जॅकेटला छोटा पोचा आला. बाहेरून काय दिसतं? काही नाही, बोट फिरवलं तरच लागतं. पण आत खरी नळी सरकते तिला तेवढी जागा पण पुरत नाही, नळी मागं जाते अन परत येताना तिथं अडते. एका रायफलीच्या स्प्रिंगा आधीच्या कारागिरानं बदलल्या होत्या, जास्त कडक घातल्या होत्या, काही फरक नाही. जॅकेटवर उजेड तिरका धरला तेव्हा समोरच्या साइटच्या मागं मुगाच्या दाण्याएवढा खळगा दिसला. सगळं तिथंच होतं. पोचा बाहेर काढायचं काम आतून मापाचा दांडा घालून होतं, घरी करायचं नाही.

चाप ओढला, टक आवाज आला, गोळी सुटली नाही.

आधी रायफल तशीच सुरक्षित दिशेला धरून ठेवा, अर्धा मिनिट तरी, कधी कधी उशिरा सुटते. मग बोल्ट मागं घेऊन काडतूस काढा अन टोपीवरचा ठसा बघा. ठसा खोल असेल तर काडतूस मेलेलं. ठसा उथळ असेल तर फायरिंग पिनच्या भोकात घट्ट झालेलं ग्रीस किंवा घोड्याची थकलेली स्प्रिंग. ठसाच नसेल तर बोल्ट पूर्ण लॉक झाला नव्हता, चेंबर घाण किंवा नळी अर्धवट पुढं. ते काडतूस पुन्हा वापरायचं नाही.

एकदा ओढलं अन दोन सुटल्या.

थांबा. लगेच. सिअर, म्हणजे चाप ओढेपर्यंत घोडा धरून ठेवणारा खटका, झिजलेला आहे किंवा मागं कोणीतरी चाप हलका करायला कानस मारलेली आहे. 'भारी वाटलं' म्हणणारे भेटलेत मला. नळीचं तोंड दुसऱ्या गोळीला कुठं असेल ते तुमच्या हातात राहत नाही, अन असं चालणारं शस्त्र ऑटोमॅटिक म्हणून धरलं गेलं तर शिक्षा फार मोठी आहे. रिकामी करा, कपाटात कुलूप, दुरुस्तीला लेखी पावतीनं द्या. सेफ्टी लावूनही घोडा सुटत असेल तर हेच उत्तर. मॉडेल ८ ची सेफ्टी उजवीकडं लांब पट्टीसारखी आहे, ती नुसती वर-खाली होते म्हणजे काम करते असं नाही.

आमची विंचेस्टर आहे, मॉडेल १९०७.

हिचं तंत्र वेगळं, इथं काहीच लॉक होत नाही, बोल्टला जोडलेलं जड वजन पुढच्या लाकडाच्या आत असतं अन त्या वजनाच्या जडपणावरच सगळा खेळ आहे. म्हणून हिची पुढची लाकडं फुटतात, अन बोल्ट मागं आपटतो तिथला फायबरचा बफर कुजून भुगा होतो. बफर नसताना झाडली तर लोखंडावर लोखंड आपटतं. ते बघितल्याशिवाय एक पण गोळी झाडू नका. भरताना नळीखालचा दट्ट्या मागं दाबावा लागतो, तो दाबताना हात अन तोंड नळीच्या समोर येऊ देऊ नका. जमिनीवर दस्ता टेकवून वरून वाकून दाबणारे लोक बघितलेत, बघवत नाही.

ट्रंकेत जुन्या गोळ्या सापडल्या, चालतील का?

नाही. हिरवा चढलेला, मानेला तडे गेलेला, डबा फुगलेला, काही असो, नाही. याला आपल्याच देशातला जुना इतिहास आहे. इंग्रजांच्या फौजेच्या गोळ्या पावसाळ्यात तबेल्यांत ठेवायचे अन पितळी केसेस आपोआप तडकायच्या, कोणाला कळेना का. १९२१ मधे उलगडा झाला की घोड्यांच्या मुतातला अमोनिया हवेत मिसळून, ताणात असलेल्या पितळाला चिरत होता. आता आपल्या वाड्यात ट्रंक कुठं असते? गोठ्याच्या भिंतीला लागून, नाहीतर खताच्या पोत्यांच्या खोलीत.

दुसरा घोळ मापाचा. नळीवर .३५ रेमिंग्टन लिहिलंय तर तेच, .३५१ विंचेस्टर नाही, .३५ विंचेस्टर पण नाही, तीन वेगळी काडतुसं आहेत. .३० रेमिंग्टन तर कारखान्यातून यायचं कधीच बंद झालंय. 'बसतंय की' म्हणून घालायचं नसतं. आपल्या दुकानांत सहज मिळतं ते बारा बोर, .३१५, .२२ वगैरे, .३५ रेमिंग्टन मागितलं तर दुकानदार तुमच्याकडं बघत बसेल. म्हणून ही रायफल सांभाळायची वस्तू आहे असं मी लोकांना सांगतो, झाडायची हौस असेल तर दुसरी घ्या. तरी झाडायचीच असेल तर आधी हेडस्पेस गेजनं (बंद बोल्ट अन काडतूस यांच्यातलं अंतर मोजायच्या मापानं) तपासून घ्या. जुन्या गोळ्या विहिरीत, नदीत टाकू नका, जाळू नका, ठाण्यात किंवा डीलरकडं लेखी द्या.

रानडुकरं अन रोही सोयाबीन ठेवत नाहीत, त्यासाठी वापरू का?

दुःख खरं आहे, उत्तर नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणं शिकार बंद आहे, पिकाचं नुकसान असलं तरी वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय गोळी नाही. नुकसानभरपाईचा अर्ज वेळेत करा, पंचनामा करून घ्या. अन काळविटावर तर चुकून पण नाही. लग्नात, वरातीत हवेत झाडणाऱ्यांना पण २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, नवरदेव कोणाचाही भाचा असो.

निवडणुकीला ठाण्यात जमा करायला लावतात, परत येते तेव्हा गंजलेली असते.

आपल्याकडं हे ठरलेलंच आहे, मालखान्यात शंभर बंदुका एकमेकींना टेकून उभ्या, कोपऱ्यातून ओल. ठाण्याला दोष देऊन काही होत नाही, जमा करायच्या आधी तुम्ही तयारी करा. नळीतून अन बाहेरून ग्रीसचा पातळ हात, पुसून नाही, तसाच. मेणकापड किंवा ग्रीस लावलेला कागद गुंडाळा. गोणपाट नको, ते ओल पितं अन धरून ठेवतं, चामड्याची पिशवी पण तशीच, ती तर घरी सुद्धा नको. आत तांदळाची पुरचुंडी घालतात लोक, तांदळाला किडे लागतात, सिलिका जेलच्या पुड्या घाला. पावतीवर नंबरासोबत 'जॅकेटवर पोचा नाही, दस्ता अखंड' असं दोन शब्दांत लिहून घ्यायचा प्रयत्न करा, लिहून नाही दिलं तर फोटो तारखेसह ठेवा. परत मिळाली की तिथंच काउंटरवर बोल्ट मागं घेऊन बघा, घरी जाऊन नाही.

नुसती शोभेला भिंतीवर लावली तर लायसन लागतं का?

शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मधे सूट आहे, पण ती जुन्या पद्धतीच्या, पुराणवस्तू म्हणून किंमत असलेल्या किंवा मोडक्या अशा शस्त्राला आहे जे दुरुस्त करूनही झाडता येणार नाही. तुमची मॉडेल ८ साफ केली की चालते, म्हणजे ती यात बसत नाही. आपणच पिन काढून ठेवली अन म्हटलं झालं मोडकं, असं चालत नाही. निकामी करायचीच असेल तर अर्ज करून, परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याच्या लेखी आदेशानं. अन भिंतीवर लायसनसकट पण लावू नका, पाहुण्यांची पोरं असतात.

विकायची तर?

योग्य वर्गाचं लायसन असलेल्यालाच, डीलरमार्फत, नोंद करून. परदेशातला कोणी भरपूर पैसे देतो म्हणाला तर रायफल शंभर वर्षांच्या पुढची आहे का ते आधी मोजा, ऐतिहासिक वस्तू म्हणून ती पुरावशेष कायद्यात अडकू शकते अन त्या बाहेर पाठवायला बंदी आहे. १९२० च्या आसपासच्या रायफली आता त्या रेषेच्या पलीकडं गेल्यात.